देल्व्होची डावी नळी

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. काटेकोर मोजलं तर दीडच नळी भरेल. उजवी शाबूत आहे. डावी बुडापासून वीतभर अंतरावर फाटली आहे, आणि तिच्या कडा सोललेल्या कणसाच्या पानांसारख्या बाहेर वळल्या आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्डन गावच्या लहानशा संग्रहालयात मी भिंतीवर असते. शेजारी दंतवैद्याची जुनी खुर्ची आहे. शाळेची मुलं येतात ती खुर्चीपाशीच रेंगाळतात, कारण तिथं कुणाचे तरी दात उपटले गेले याची त्यांना खात्री असते. माझ्यापायी किती रक्त सांडलं हे कळलं तर, मित्रांनो, ती खुर्चीकडे ढुंकूनही बघणार नाहीत.

माझा जन्म १८८९ साली याच गावात, ओढ्याकाठच्या पेनफील्ड कारखान्यात झाला. त्या काळी या भागात ओढा दिसला की कारखाना असायचा आणि कारखान्यात बंदुका व्हायच्या. घड्याळं करणारे बंदुका करू लागले होते, शिवणयंत्रं करणारे करू लागले होते. एक शवपेट्या करणारासुद्धा या धंद्यात उतरला होता आणि दोन्ही धंदे एकमेकांना धरून आहेत असं सांगत फिरायचा. सगळ्यांच्या जाहिरातीत एकच वाक्य असे: अस्सल अमेरिकन बंदूक. लाकूड अमेरिकन होतं, चाप आणि घोडे अमेरिकन होते, मालकाचं नाव तर होतंच. नळ्या तेवढ्या बेल्जियमहून, लीएज शहरातून, भुशात गुंडाळून पेट्यांनी येत.

थोरल्या पेनफील्डसाहेबांना हे खुपत असे. एक दिवस ते म्हणाले, "लोखंड कशाला आणताय? लोहारच आणा."

तो लोहार म्हणजे लाम्बेर देल्व्हो. बुटका, रुंद, एका कानानं बहिरा. इंग्रजी तो शेवटपर्यंत लंगडंच बोलला, पण शिव्या मात्र पहिल्याच वर्षी बिनचूक शिकला. माझ्या दोन्ही नळ्या त्यानं केल्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवायच्या, दोरखंडासारख्या पिळायच्या, गजाभोवती वेटोळं घालत गुंडाळायच्या आणि लाल असतानाच ठोकून ठोकून एकजीव करायच्या. तीन माणसं तीन हातोड्यांनी माझ्यावर तुटून पडत होती. मी ओरडत होते आणि ते गाणं म्हणत होते. पुढे माझ्या पोटात बार उडायला लागले तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही, ते या बाळपणामुळे. नंतर तेजाबानं धुतल्यावर माझ्या अंगावर वळणावळणाची नक्षी उमटली. माणसं ती नक्षी पाहून माझ्यावर भाळत. ते सगळे मार खाल्ल्याचे वळ आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

नळ्या जोडायच्या आधी देल्व्होनं दोन्हींच्या पोटाखाली, लाकडानं झाकलं जाईल अशा जागी, आपली दोन अक्षरं ठोकली. लीएजला प्रत्येक लोहार असं करतो. गिऱ्हाइकाला ती खूण दिसत नाही. नळी फुटली आणि लाकूड उडालं, तरच दिसते.

लीएजला सरकारी परीक्षेशिवाय नळी विकता येत नव्हती. अमेरिकेत तसा कायदाच नव्हता. परीक्षा घ्यायची की नाही, हे मालकाच्या मनावर. पेनफील्डसाहेबांच्या मनात दहातली एक नळी तपासावी असं होतं. देल्व्हो आपली प्रत्येक नळी तपासायचा, जेवणाच्या सुट्टीत. दुप्पट दारू ठासायची, नळी लाकडी चौकटीत आवळायची, भिंतीआड जाऊन दोरी ओढायची. माझी पाळी होती त्याच आठवड्यात दुसऱ्या एका लोहाराची न तपासलेली नळी, बंदुकांचा नेम पाहणाऱ्या कारखान्यातल्या नेमबाजाच्या हातात फुटली. मॅथ्यू क्रोल त्याचं नाव. तुकडा त्याच्या गळ्यातून आरपार गेला. तो खाली बसला, कुणीतरी आपल्याला हाक मारली असावी तसं मागे वळून पाहिलं आणि संपला. फरशी धुऊन झाल्यावर काम पुन्हा सुरू झालं. देल्व्हो त्या दिवशी जेवला नाही. त्यानं मला एकदा सोडून दोनदा तपासलं.

माझ्या पाठीवर पेनफील्डचं नाव मात्र नाही. आमचा कारखाना निम्म्या बंदुका लोखंडी सामानाच्या दुकानांसाठी करायचा आणि ज्या दुकानाला जे नाव हवं ते ठोकून द्यायचा. मी झाले 'प्रेअरी किंग'. माझ्याच साच्यातली माझी भावंडं कुणी 'ईगल', कुणी 'जनरल', कुणी एका दुकानदाराच्या धाकट्या मुलीच्या नावाची. दुकानात दोन गिऱ्हाइकं आपापली बंदूक कशी सरस यावर हातघाईवर येत, आणि आम्ही दोघी सख्ख्या बहिणी कपाटातून ती मजा बघत असू.

मला विकत घेतलं इलिनॉय नदीवरच्या टर्नर्स लँडिंगच्या एनॉस स्टोकलीनं. एनॉसचा धंदा बदकं मारून शिकागोला पाठवायचा. मित्रांनो, शिकार या शब्दानं तुमच्या डोळ्यांपुढे एक माणूस, एक कुत्रा आणि एक पक्षी येत असेल. आमचं तसं नव्हतं. पहाटे होडीनं पाणथळीत जायचं, लाकडी बदकं पाण्यावर मांडायची आणि थवा उतरला की बसलेल्यांवर उजवी नळी, उठलेल्यांवर डावी. पहिल्याच सकाळी एकशे चौदा. जी नुसती जायबंदी होत त्यांच्या माना एनॉस दातांनी चावून मोडी, कारण दोन्ही हात मला भरण्यात गुंतलेले असत. दुपारी त्याच्या दाढीत पिसं असत. पिंपात बदकं, त्यावर बर्फ, त्यावर बदकं. नदीवर सगळे हेच करत, आणि बदकं कमी का झाली असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवत.

मी चांगली होते हे मला सांगायलाच हवं. माझी डावी नळी साठ पावलांवर छर्रे असे एकत्र ठेवायची की होडीतला त्याचा जोडीदार बर्ट कोलवेल म्हणायचा, "एनॉस, तुझी बायको आणि तुझी बंदूक, दोन्हींपैकी एक मला दे. बंदूक दिलीस तरी चालेल."

"बायको घेऊन जा," एनॉस म्हणायचा. "ती फार वाचते."

अल्मायरा वाचायची हे खरं. लग्नाआधी ती दोन वर्षं गावच्या शाळेत शिकवत होती. आता ती काडतुसं भरायची. नदीवरच्या सगळ्याच घरांत ते काम बायकांचं. ओट्याशेजारच्या टेबलावर रिकामी काडतुसं मांडायची, पितळी मापानं दारू घालायची, वर दट्ट्या दाबायचा, मग छर्रे, मग पुठ्ठ्याची चकती. दिवसाला शंभर. मी समोरच्या दोन खिळ्यांवर असायचे. ती प्रत्येक माप सुरीच्या पाठीनं सपाट करी. एवढ्या निगुतीनं भरलेलं काडतूस मी दुसरं पाहिलं नाही.

आठव्या वर्षी नदीवर क्लबवाले आले. शिकागोच्या श्रीमंतांनी पाणथळीचं सर्वांत चांगलं तळं भाड्यानं घेतलं, तारा ठोकल्या आणि पहारेकरी बसवले. ज्या पाण्यात आजोबांपासून होड्या घातल्या तिथं आता घंटा वाजवून शिरायचं, हे नदीवरच्या माणसांना कुठलं मानवणार. एनॉसनं तारा तोडल्या. पहारेकऱ्यानं होडीच्या तळाला गोळी घातली. मग एका सकाळी तो पहारेकरी, तरुण नॉर्वेजियन पोरगा, बोरूच्या बेटात एकटा सापडला. एनॉसनं बार नाही काढला. बाराचा आवाज होतो. त्यानं मला नळ्यांकडून धरलं आणि दस्त्यानं मारायला लागला. खांदा, कोपर, मग तोंड. पोरगं चिखलात आडवं झालं तरी तो थांबला नाही. बर्टनं मागून मिठी मारली तेव्हा थांबला. माझा दस्ता तडकला होता. घरी येऊन त्यानं त्याला तांब्याची तार गुंडाळली आणि अल्मायराला म्हणाला, "पडली हातातून."

अल्मायरानं तारेखाली अडकलेले केस काढले. पिवळे होते. एनॉसचे केस काळे, तिचे तांबूस. पोरगं जगलं, पण पुन्हा घन अन्न खाऊ शकलं नाही असं ऐकलं.

माणसं मोजायची मला खोड आहे. या घरात एनॉस किती वेळा हसला, किती वेळा हात उगारला, दोन्ही माझ्याकडे पक्कं आहे. हसण्याचा आकडा फार मोठा नाही.

१८९७ च्या ऑक्टोबरात गावच्या दुकानात बिनधुराची नवी दारू आली. जुन्या काळ्या दारूचा बार उडवला की समोर धुराची भिंत उभी राही आणि दुसऱ्या थव्याचा नेमच लागत नसे. नवीला धूर नाही. एनॉस डबा घेऊन आला, अल्मायरापुढे टेबलावर आपटला आणि मला मांडीवर घेऊन तेल लावत बसला.

अल्मायरानं डबा फिरवून फिरवून पाहिला. "यावर काहीतरी लिहिलंय, एनॉस."

"डब्यावर लिहिलेलंच असतं."

"हिला माप लावायचं नाही म्हणतात. तोलून घालायची. मापानं घातली तर—"

"पंधरा वर्षं मापानं भरतोय. आता डबा शिकवणार का मला?"

"डबा नाही. ज्यांनी केली त्यांनी—"

"भर," तो म्हणाला. "काठोकाठ."

"एकदा ऐकून तर घे. 'ही दारू जुन्या मापानं भरल्यास—'"

त्यानं मला उलटं केलं. उठलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून, टेबलावरून, तांब्याची तार गुंडाळलेल्या त्या दस्त्यानं तिच्या जबड्यावर एकच घाव घातला. आतलं हाड मोडलेलं मला लाकडात जाणवलं.

"आता वाच," एनॉस म्हणाला आणि पुन्हा तेल लावू लागला.

मित्रांनो, मला हात नव्हते, मी काय करणार होते, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. पण मोडलं ते माझ्याचकडून.

तिनं जबडा फडक्यानं डोक्याशी बांधला आणि दुसऱ्या दिवशी टेबलापाशी बसली. पितळी माप, काठोकाठ, सुरीची पाठ. पन्नास काडतुसं, आठवडाभर, हळूहळू. एनॉस जुनी काडतुसं संपवत होता. गुरुवारी तिनं फडकं सोडलं आणि थोडं पेजेसारखं काही खाल्लं. शुक्रवारी ती शेजारणीशी दोन वाक्यं बोलली. शनिवारी सकाळी एनॉसनं नव्या काडतुसांची पेटी उचलली, मला काखेत मारलं आणि तो दारापाशी थांबला. "काही म्हणायचंय?" त्यानं विचारलं. हे तो दर वेळी विचारी. उत्तर नको असे.

अल्मायरा भांडी घासत होती. तिनं मान हलवली. नाही.

पहिले दोन बार निघाले तेव्हा माझे सांधे कळवळले. एनॉसचा खांदा मागे फेकला गेला. "काय जोर आहे," तो खुशीत म्हणाला. डाव्या नळीला त्या पहिल्याच बारात गळवासारखा फुगा आला होता. तो त्याला दिसला नाही. त्यानं पुन्हा भरलं. थवा लांब होता, म्हणून त्यानं मागचा चाप आधी ओढला, लांब मारणाऱ्या डाव्या नळीचा.

देल्व्होनं दुप्पट दारूनं मला तपासलं होतं. या दारूचा दाब त्याच्याही पलीकडे होता आणि नळी आधीच फुगलेली. मी फाटले. त्याचा डावा हात बरोबर तिथं, नळीखाली होता. तीन बोटं पाण्यात उडाली आणि चौथं कातडीला लोंबत राहिलं. लाकडाची एक कपची डाव्या डोळ्यात शिरली. होडी कलंडली, काडतुसांची पेटी नदीत गेली. बर्ट त्याला ओढून वर घेत होता आणि एनॉस आपली बोटं शोधत होता. बोटं बुडाली त्या पाण्यावर लाकडी बदकं डुलत होती. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणू? आठ वर्षं मला तेल लावलेला हात होता तो.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं नाव तिचं घेतलं. "तिनं भरली. तिनंच काहीतरी केलं. एक हात अजून आहे मला."

दुसऱ्यांदा त्यानं माझं नाव घेतलं आणि दुकानामार्फत कंपनीला पत्र लिहायला सांगितलं. दोन्ही बाजूंनी दावा लावलेला बरा, असं बर्टही म्हणाला.

शेरीफ बार्टली म्हणून जाड, आळशी आणि बुद्धीनं तल्लख असा माणूस होता. त्यानं मला उघडून पाहायचा प्रयत्न केला. मी अडकले होते, आणि उजव्या नळीत न उडालेलं काडतूस होतं. भरलेल्या बंदुकीवर हातोडी घालायची त्याला हौस नव्हती. "कंपनीचा माणूस येतोय ना," तो म्हणाला. "तो सांगेल." तोवर अल्मायरानं गाव सोडायचं नाही.

कंपनीनं माणूस पाठवला तो देल्व्हो. धाकटे पेनफील्ड आता गादीवर होते. त्यांनी बजावून पाठवलं होतं, दोष दारूचा आहे असं लिहून आण. आपल्या नळीला डाग लागता कामा नये. हे बजावायची गरज नव्हती. देल्व्होची एकही नळी आजवर फुटली नव्हती आणि तो ते कुणालाही विसरू देत नसे.

त्यानं मला स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं आणि फाटलेल्या कडांवरून बोट फिरवलं. आत कुठे गंज नाही, ठोकताना राहिलेली फट नाही. पोलाद ताणून ताणून मगच फाटलं होतं. मग लाकूड काढलं. त्याची दोन अक्षरं वर आली. नंतर हत्यारं घालून त्यानं मला उघडलं, उजवीकडचं काडतूस बाहेर काढलं, कापलं, आणि आतली दारू खिशातल्या छोट्या ताजव्यात ओतली. पाहिजे त्याच्या अडीचपट भरली.

शेजारच्या खोलीतून एनॉस ओरडला, "काय सापडलं रे, बेल्जमच्या? तिचंच काम आहे ना?"

देल्व्होनं बहिरा कान तिकडे केला. बाहेरच्या ओट्यावर शेरीफची खुर्ची करकरत होती. अल्मायरा चुलीपाशी उभी होती. जबड्याची सूज उतरली होती, पण तोंड एका बाजूला गेलं होतं ते गेलंच.

"बाई, हे तुम्ही भरलं?"

"हो."

"डबा वाचलात?"

"वाचला. त्याला वाचून दाखवत होते." तिनं आपल्या जबड्याला हात लावला आणि मग टेबलावर माझ्या तारेच्या दस्त्याकडे बोट केलं. "ते वाक्य पुरं झालं नाही."

देल्व्होनं तार पाहिली. "दुसऱ्यांदा सांगितलं नाहीत?"

"जबडा हलत नव्हता, मिस्टर देल्व्हो."

"आणि हलायला लागल्यावर?"

तिनं त्याच्या कपात कॉफी ओतली. कप भरला तरी काठापर्यंत ओतत राहिली, मग थांबली.

मित्रांनो, त्या वेळी त्या खोलीत तिघंच जण खरं काय ते जाणत होतो, आणि त्यातली मी मुकी. त्यानं ताजवा बाहेर दाखवला की संपलं. बायकोनं भरलेली काडतुसं, पाहिजे त्याच्या अडीचपट दारू, डबा वाचलेला. तिला जेल, नाहीतर शेजारच्या खोलीतला तो उरलेला हात. आणि नाही दाखवला तर? मग फुटलं ते पोलाद देल्व्होचं.

तो उठला. ताजव्यातली दारू, काडतुसाची कागदी नळी, सगळं मागच्या दाराबाहेर चिखलात टाकलं आणि बुटानं मळून एकजीव केलं. ताजवा पुसला. मग ओट्यावर गेला, मला हातात घेऊन.

"हं," शेरीफ म्हणाला. "मला एवढंच सांगा. बंदूक की बायको? बंदूक असेल तर मी घरी जेवायला जातो. बायको असेल तर तिला गाडीत घालून जातो. कसंही झालं तरी भूक लागलीच आहे."

"बंदूक," देल्व्हो म्हणाला. "नळी. ठोकताना जोडात फट राहिली. बाहेरून दिसत नाही. नळी माझी. ही अक्षरं माझी. लिहून देतो."

शेरीफनं अक्षरं पाहिली, मग त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "कंपनीनं हेच लिहायला पाठवलं तुम्हाला, इतक्या लांब?"

"कंपनीनं उलटं लिहायला पाठवलं."

शेरीफ हसला. "मग खरं असणार," तो म्हणाला आणि टोपी घातली. त्याची नजर एकदा मागच्या दाराकडच्या चिखलाकडे गेली, देल्व्होच्या बुटांवर आली, आणि तिथून सरळ घोड्याकडे गेली. तो खरंच भुकेला होता असं मी समजते.

एनॉसनं आतून ऐकलं होतं. "बंदुकीनं? माझ्या बंदुकीनं?" तो विचारत राहिला. आवाजात रागापेक्षा दुखावल्यासारखं जास्त होतं. मला तेव्हा बोलता आलं असतं, तर मी ओरडले असते की मी चांगली होते. पण मघाशी सांगितलं ना, तो जबडा माझ्या दस्त्यानं मोडला होता. ती फट मी कबूल केली.

देल्व्होनं मला पोत्यात गुंडाळलं. जाताना त्यानं अल्मायराला विचारलं, "गाडी किती वाजता?"

"दुपारी चार दहा. तुम्हाला वेळ आहे."

"तुमची विचारतोय."

चार दहाला ती फलाटावर होती, एका पत्र्याच्या पेटीसह. पियोरियापर्यंत ती आमच्याच डब्यात बसली, समोरच्या बाकावर. उतरताना तिनं पोत्यावर, नेमक्या माझ्या दस्त्यावर, क्षणभर हात ठेवला. मारायला की निरोपाला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

धाकट्या पेनफील्डनी देल्व्होचा कागद वाचला आणि वर पाहिलं. "तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून असं लिहिलंत का?"

"येतं एवढं."

त्याला त्याच दिवशी काढलं. धाकटे साहेब हुशार होते. त्यांनी त्या फुटण्याचाही फायदा करून घेतला. पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत पिळलेल्या नळ्यांची निंदा आली आणि सरळ ओतीव पोलादाच्या नळ्यांची स्तुती. घरोघरी लोकांनी नक्षीच्या बंदुका भिंतीवर टांगल्या. मला कारखान्यातच, लोहारांच्या पुढे टांगलं. नव्या माणसाला आधी मला दाखवायचे, "असं काम करायचं नाही," आणि तो आदरानं मान हलवायचा. देल्व्हो गावातच राहिला. नांगराचे फाळ ठोकून द्यायचा. कारखान्यावरून जाताना तो खिडकीतून आत बघत नसे, पण चाल हळू करी. १९०६ साली तो गेला. त्याच्या प्रेतयात्रेला कारखान्यातलं कुणी आलं नाही. फुटक्या नळीचा लोहार होता तो.

मग एका नळीच्या, पाच बारांच्या बंदुका आल्या. दुनळी कुणाला हवी? ओढ्याकाठचे कारखाने एकामागून एक बंद पडले. काही दुसऱ्यांनी नावासकट विकत घेतले आणि नाव तेवढं ठेवलं. पेनफील्ड १९३१ पर्यंत तगला. लिलावात यंत्रं भंगारात गेली आणि मी गावाला भेट मिळाले. नदीवरची बदकं त्याच्या कितीतरी आधी संपली होती. एनॉसनं शेवटची वर्षं लाकडी बदकं रंगवून काढली, एका हातानं. चांगली रंगवायचा म्हणतात.

गेल्या महिन्यात विद्यापीठातून एक बाई आल्या. त्यांनी माझी डावी नळी यंत्राखाली घातली, आतली चित्रं काढली, आणि संग्रहालयाच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांना म्हणाल्या, "या पोलादात फट कुठेच नाही. ही नळी उत्तम होती. कुणीतरी प्रमाणाबाहेर दारू भरली."

"मग ज्यानं लिहून दिलं त्यानं चूक केली म्हणायची," व्यवस्थापक म्हणाले.

"एवढा जाणकार लोहार? आपल्याच विरुद्ध?" बाईंनी खांदे उडवले आणि त्या यंत्र आवरायला लागल्या.

आता कुठलाच शेरीफ येणार नाही, कुठल्या खोलीतून कुणी ओरडणार नाही. म्हणून तर तुम्हाला हे सगळं सांगितलं. मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे याल तेव्हा मला तेल लावा असं मी म्हणणार नाही. दस्त्याची ती तार काढून नवं लाकूड तर मुळीच बसवू नका, तो माझा डाग आहे आणि तो राहू द्या. तुमच्या घरात कुणी काही वाचून दाखवत असेल तर वाक्य पुरं होईपर्यंत थांबा, एवढं जमलं तर बघा. आणि माझ्यासाठी एकच करा. गावाच्या वरच्या अंगाला स्मशानात, चर्चच्या कुंपणाला लागून, एक बुटका दगड आहे. त्याच्यावर नुसतं नाव आणि साल आहे. खडू घेऊन जा, आणि खाली लिहा: नळी चांगली होती. पावसानं पुसलं तर पुन्हा लिहा.